उन्हात ठेवलेली कॉइल

प्रिय अण्णा,

तुमचे वर्षश्राद्ध परवा झाले. लिहायचे तर त्या दिवशी लिहायला हवे होते. पण तेव्हा तुम्हाला सांगण्यासारखे नवीन असे माझ्याजवळ काही नव्हते. आज आहे. माझ्यासमोर टेबलावर एक जुनी इग्निशन कॉइल उभी आहे आणि तिच्या काळ्या अंगावर पांढऱ्या रंगात, माझ्याच हस्ताक्षरात, एक शब्द लिहिलेला आहे : ‘निर्दोष’. ओळखलीत ना? ओळखणारच. जाईपर्यंत दहा वर्षे तुम्हीच तर ती जपून ठेवलीत!

झाले असे. काल सकाळी तुमची गाडी घेऊन मी पालमहून परभणीला निघाले. पहिले बारा-तेरा किलोमीटर गाडी अगदी शहाण्यासारखी धावली आणि मग एकाएकी इंजिन बंद पडले. पेट्रोल होते, बॅटरी ठणठणीत होती, स्टार्टरही फिरत होता. ठिणगी मात्र पडत नव्हती. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली मी अर्धा तास बसून राहिले. इंजिन गार झाले आणि किल्ली फिरवताच, जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात, सुरू! हे लक्षण तुमच्याइतके कोणाला ठाऊक? मी गाडी वळवली आणि हळूहळू तुमच्या गॅरेजवर परत आले.

वर्षभर बंद असलेले शटर उघडताना काय वाटले, ते लिहीत नाही. ग्रीसचा वास अजून आहे, एवढेच सांगते.

आता तुम्हालाच कॉइल समजावून सांगायची म्हणजे उलटाच प्रकार! पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. लहानपणी शाळेत शिकलेले सगळे मी तुमच्या पाठीमागे उभी राहून तुम्हाला पुन्हा शिकवत असे आणि तुम्ही गाडीखालून ‘हां, मंग?’ म्हणत असा. तेव्हा आजही ऐकाच. बॅटरीजवळ असतात अवघे बारा व्होल्ट. प्लगला ठिणगी पाडायला लागतात हजारो. मधले सगळे काम ही मूठभर वस्तू करते. तिच्या पोटात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतला प्रवाह झटकन तोडला, की बारीक तारेत प्रचंड दाब उसळतो आणि ठिणगी उडते. मिनिटाला हजारो वेळा! किती सुंदर गोष्ट आहे ही, अण्णा! वीस वर्षे शिकले आणि शिकवले, तरी माझे नवल ओसरत नाही.

पण त्या बारीक तारेला कुठे चीर गेली, तर गंमत होते. गार असताना चिरेची दोन टोके एकमेकांना टेकून असतात, प्रवाह चालू राहतो. तापली की सगळे प्रसरण पावते, टोके दुरावतात आणि गाडी रस्त्यात उभी. गार कॉइल मीटरला खोटे बोलते. हे वाक्य माझे. पण हे ज्ञान तुमचे होते, आणि ते मी नाकारले होते.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी तंत्रनिकेतनात नुकतीच व्याख्याता झाले होते, उन्हाळ्याच्या सुटीत नवे कोरे मीटर घेऊन पालमला आले होते. समोरच्या किराणा दुकानाच्या अप्पांची पांढरी गाडी तुमच्याकडे आली होती. तापली की बंद पडते, अशी तक्रार. तुम्ही कॉइल काढलीत. मी पुढे झाले, जाड वेढे मोजले : दीड ओहम. बारीक वेढे मोजले : नऊ हजारांच्या आसपास. दोन्ही अगदी पुस्तकातल्यासारखे!

तुम्ही म्हणालात, “माय, गार मोजून काय व्हतंय? पत्र्यावर ठिव दोन घंटे. तापू दे. मंग लाव तुझं मीटर.”

आणि मी, चार गिऱ्हाइकांसमोर, काय म्हणाले? “अण्णा, ही कॉइल आहे, कुरडई नाही!”

सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, “लेकीनं बरी जिरवली की अण्णा तुमची!” तुम्हीही हसलात. “मंग काय! शिकवलंय कशाला?” मी ऐटीत पांढऱ्या रंगाने कॉइलवर ‘निर्दोष’ लिहिले. तुम्ही दस्तीने हात पुसलेत, “तू मोजलं म्हंजे झालं, माय,” म्हणालात आणि तीच कॉइल परत बसवलीत. दोष कार्बोरेटरमध्ये असणार, असे मी ठरवले. तुम्ही तोही साफ केलात. मी परभणीला परतले, जिंकून.

काल नव्या कॉइलच्या शोधात तुमचा सगळ्यांत खालचा खण उघडला, तर फडक्यात गुंडाळलेली ही सापडली. खोटे कशाला सांगू? मला आनंद झाला! सुटी कॉइल, आणि तीही मी स्वतः तपासलेली. पाना घेऊन बसवायलाच लागले होते, तेवढ्यात अप्पा रस्ता ओलांडून हात हलवत आले.

“ओ बाई, ती नका बसवू! ती रस्त्यात दगा देती.”

“अप्पा, ही तपासलेली आहे. हे बघा, लिहिले आहे.”

“लिव्हलेलं मला काय दाखवायल्या? माझ्याच गाडीतली हाय ती!”

मग ते तुमच्या स्टुलावर बसले आणि अकरा वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी सांगितली. तुम्हाला ती ठाऊकच आहे, पण त्यांच्या तोंडून ऐका.

“तुमी गेलात अन् आठ दिसात गंगाखेडच्या अलीकडं बंद पडली बघा. आमच्या मंडळींच्या डोळ्याचं आपरेशन, परभणीला अकराला बोलवलेलं. ती पदर डोळ्याला लावून बसलेली, अन् मी फोनवर तुमच्या अण्णांवर लय वरडलो. एसटीनं आले. दस्तीत नवी कॉइल बांधलेली. उतरल्या उतरल्या म्हनले, ‘अप्पा, चूक माझी हाय. म्या घाईत जुनीच बसवली.’ मी म्हनलो, ‘आवो, लेकीनं तपासली की तुमच्या, मी व्हतो तिथं.’ तर हातच धरला माझा. म्हनले, ‘पोरीपर्यंत जाऊ देऊ नका. ती मीटर घेऊन वर्गापुढं उभी ऱ्हाती. हात थरथरायला नको तिचा.’”

मी पाना खाली ठेवला. अप्पा पुढे म्हणाले, “मंडळींचं आपरेशन टायमात झालं. आता तिला माझ्या दुकानातल्या डाळीतला खडा समोरच्या वट्ट्यावरून दिसतो, त्योच तेवढा ताप झालाय. मी शब्द पाळला बाई. पर तुमी तीच बसवायला लागल्यावर कसं गप ऱ्हावं?”

अण्णा, मला तुमचा राग आला. हो, आला! तुम्ही माझी लाज राखलीत, चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्लीत, आणि मी? अकरा वर्षे प्रात्यक्षिकाच्या तासाला तेच शिकवत राहिले : खोलीच्या तापमानाला मोजा, नोंद करा, निष्कर्ष लिहा. माझ्या हाताखालून गेलेली किती मुले-मुली आज या जिल्ह्यातल्या गॅरेजांत गार कॉइलला निर्दोष ठरवत असतील! तुम्ही मला एकदा रागवायला हवे होते ना. मी एवढी नाजूक होते का, की चूक दाखवली तर मोडून पडले असते?

हा प्रश्न मनात घेऊनच मी शेडच्या मागे, आपल्या घराच्या अंगणात गेले आणि ही कॉइल काळ्या फडक्यात बांधून उतरत्या पत्र्यावर ठेवली. शेजारी आईच्या कुरडया वाळत होत्या. आई बाहेर आली.

“त्या तेलकट डब्याला लांब ठिव गं कुरडयांपासून. त्यांनाबी हजारदा सांगितलं.”

मग स्वतःच ताट सरकवून तिने कॉइलला जागा करून दिली.

दोन तास होते. पायरीवर बसल्या बसल्या मला एक फोन आठवला. मी उत्तरपत्रिका तपासत होते. तुम्ही विचारलेत, “माय, तुमच्या कॉलेजात कॉइल तापवून मोजतेत का गं?” मी मान वर न करता म्हणाले, “अण्णा, पुस्तकात खोलीच्या तापमानाला मोजायला सांगितले आहे.” तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि मग, “जेवलीस का?” पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा तुम्हीच : “यंदा पत्रा लय तापायलाय. येऊन जा की.” परीक्षांची कामे होती. मी आले नाही.

म्हणजे तुम्ही सांगितले होते. रागावून नाही, हिणवून नाही. तुमच्या पद्धतीने, दार किलकिले ठेवून. ऐकायचे राहिले ते माझ्याकडून. तुमच्यावरचा राग तिथेच पायरीवर विरला आणि त्याच्या जागी जे आले, ते अजून गेलेले नाही.

दोन तासांनी फडके सोडले. कॉइल हाताला चटका देत होती. जाड वेढे मोजले : दीडहून किंचित जास्त. हे स्वाभाविक, तांबे तापले की अडथळा थोडा वाढतोच. मग मीटरचे एक टोक मधल्या तोंडात आणि दुसरे बाजूच्या टोकाला लावले. आकडा दहा हजारांपाशी क्षणभर थांबला, लुकलुकला आणि नाहीसा झाला. तार तुटल्याची खूण! मी पुन्हा लावले. पुन्हा तेच.

अण्णा, माझा हात थरथरला. ज्याची तुम्हाला भीती होती, अगदी तेच झाले. आणि तरीही मापन नीट झाले! थरथरत्या हातानेही मीटर खरे तेच दाखवते. एवढे मात्र तुम्हाला ठाऊक नव्हते.

मग तुमच्या गाडीचे इंजिन बंद पडेपर्यंत चालवून तिची कॉइलही जागेवरच मोजली. तीही तापल्यावर तुटत होती. बसस्थानकासमोरून नवी आणली. बॅटरीची ऋण तार आधी सोडली. जुनी कॉइल काढण्यापूर्वी, तुम्ही करायचात तसाच, पूजेतला उरलेला लाल दोरा धन तारेला बांधला, म्हणजे परत जोडताना डाव्या-उजव्याची चूक व्हायला नको. पुस्तकात हे कुठेही नाही. लाल दोऱ्याचे ते रीळ तुमच्या खिळ्यांच्या डब्यात होते. संपत आले आहे. नवी कॉइल पट्टीत घट्ट आवळली, तारा जोडल्या, मधल्या तोंडातली जाड तार ‘टक्’ होईपर्यंत आत दाबली, शेवटी बॅटरी. एक सुटा प्लग रबरी मुठीच्या पकडीत इंजिनच्या धातूला टेकवून आईला किल्ली फिरवायला लावली. निळी ठिणगी! आई किल्ली धरूनच म्हणाली, “पडली का गं?” तुम्ही तिला वर्षानुवर्षे हेच काम लावत होतात, हे मला कालच कळले.

पोखर्णीच्या फाट्यावर तुम्ही नेहमी इंजिन चालू ठेवूनच नरसिंहाला हात जोडायचात. तापलेले इंजिन पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही, म्हणून. काल परभणीला परत येताना मी तिथे थांबले आणि मुद्दाम इंजिन बंद केले. हात जोडले. मग किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू, अण्णा!

आता माझा शब्द ऐका. सोमवारी ही कॉइल वर्गात जाईल. मुले आधी ती गार मोजतील आणि वहीत माझ्याचसारखा निष्कर्ष लिहितील. मग ती सायकल स्टँडच्या पत्र्यावर दोन तास ठेवू, पुन्हा मोजू आणि चूक कोणाची होती, ते मी त्यांना नाव घेऊन सांगेन. ‘निर्दोष’ हा शब्द मी पुसणार नाही. त्याखाली आज सकाळीच दोन शब्द जोडले आहेत : ‘गार असताना’. आणि यापुढे कोणी पुस्तकाबाहेरचे काही म्हणाले, तर हसण्याआधी ते पत्र्यावर ठेवून बघेन.

उन्हाळ्याच्या सुटीत येते, अण्णा. पत्रा तापलेला असेल. तुमच्या दोऱ्याचे नवे रीळही घेऊन येते.

तुमचे उशिरा ऐकणारी, तुमची माय,
वैशाली