संयमाच्या भाषणाचा परिणाम

मद्रास, ९ जानेवारी १९८६

तीर्थस्वरूप सईआत्यास अंबुजाचा नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असावेत. तुमच्या भाषणाचा मुलींवर काय परिणाम झाला ते कळव, असं तुम्ही लिहिलं होतं. म्हणून आधी हकीकत.

१. ऑगस्टमध्ये महिला मंडळात तुमचं भाषण मी मुलींना वाचून दाखवलं.
२. मुलींनी कापरासमोर शपथ घेतली : लग्नापर्यंत परपुरुषापासून दूर राहीन.
३. संयमावरच्या निबंधात नागोजीकाकांच्या कनकाला पहिलं बक्षीस मिळालं.
४. कनकाला दिवस गेले आहेत.

चौथी गोष्ट मी आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत स्वतः तपासली. मग पुन्हा तपासली.

भाषणाबरोबर दाखवायला मी इस्पितळातून शरीररचनेचा तक्ता नेला होता. कॉफी घेऊन येणाऱ्या बायकांना दिसेल म्हणून मंडळाच्या राजसबाईंनी तो भिंतीकडे तोंड करून टांगला, आणि मुली तासभर तक्त्याच्या कोऱ्या पाठीकडे पाहत संयम शिकल्या. नक्की कशापासून दूर राहायचं, असं एकीने चिठ्ठीवर विचारलं होतं. राजसबाई म्हणाल्या, "सगळ्यापासून." (याच राजसबाई कनकाला न्हाण आलं तेव्हा पत्रिका वाटत फिरल्या होत्या. रस्त्यात मांडव होता, लाउडस्पीकर होता, कोपऱ्यावरचा रिक्षावालासुद्धा जेवून गेला. सगळ्या गल्लीला बातमी कळली. तिचा अर्थ मात्र कनकाला कोणी सांगितला नाही.)

मी तिला शपथेची आठवण करून दिली. ती शांतपणे म्हणाली, "मोडली कुठे, अक्का? विजयकुमार परपुरुष कसा? तो मामाचा मुलगा."

आत्या, तिची चूक मला शोधता आली नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून आपण सगळे त्याला कनकाचा नवरा म्हणतो. न्हाणाच्या दिवशी मामाने साडी आणि हार आणला, तेव्हा फोटोसाठी त्याला तिच्या शेजारी आपणच बसवलं. तो लाजला म्हणून तुम्हीच त्याला चिडवलं होतं. 'पर' या शब्दात तो बसत नाही, हे भाषण लिहिताना आपल्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. विजयकुमार आता म्हणतो, मोठी माणसं ठरवतील तसं. तो एकोणीस वर्षांचा आहे.

काका तिच्याशी बोलत नाहीत. काकू ताट खोलीच्या दाराशी ठेवतात. एग्मोरला मंगल कार्यालय पाहून झालं आहे, लग्न याच महिन्यात. मी समजावून सांगत होते तेव्हा कनका सगळं ऐकत होती. शेवटी तिने तमिळमध्ये विचारलं (रडताना ती तमिळवर जाते), "परीक्षेपर्यंत हे बरं होईल का?" आपण आजारी आहोत असंच तिला तोवर वाटत होतं. भौतिकशास्त्राचं पुस्तक उशाशी होतं.

आपली
अंबुजा

ता. क. राजसबाई तुमचं भाषण पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवणार आहेत. एकदा ऐकून मुलींना नीट कळलं नसावं, असं त्यांचं मत आहे. वाचायला मी जाणार नाही.

ता. क. दुसरा. गुडघ्यांची चौकशी खरी होती, पण पत्र त्यासाठी नाही. काका तुमचा शब्द मोडत नाहीत. कनकाला तंजावरला तुमच्याकडे ठेवून घ्या. तिला बारावीची परीक्षा देऊ द्या, आणि पुढचं सगळं तिला विचारून ठरवा, असं काकांना लिहा. तिची तपासणी आणि औषधपाणी मी तिथे येऊन पाहीन. सोमवारी काका तिचं नाव शाळेतून काढायला जाणार आहेत, वीस तारखेला. तुमचं उत्तर, हो किंवा नाही, मला शनिवारी अठरा तारखेपर्यंत मिळावं.