‘समसमान वाटा’ या शब्दांची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. ते नेहमीच ठिकाणावर होतं, त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्याला काही सबब उरत नाही.

१. राहतं घर मुलीला. आईच्या आजारपणात ती बिनपगारी रजा टाकून इथे राहिली. मुलगा फोन करत राहिला. त्याने वाईट वाटून घेऊ नये, फोन वेळेवर येत असत. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी.

२. सोफ्याची जागा अडवून मी बैठकीच्या खोलीत ठोकलेला फळा, ज्यापायी हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, महिनाभर अबोला धरला, तो समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावा. मापं लिहायला त्या कधीच्या मागताहेत. मेहुण्यांना माझी काळी छत्री. ती त्यांनी न विचारता नेलेलीच आहे, आता कायदेशीर झाली.

३. संगणकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून शेजारी जन्मभर माझ्याकडे बिघडलेले प्रिंटर घेऊन आले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझं काम कागद-पेन्सिलीचं: अमुक एक प्रश्न कितीही वेगवान यंत्र आणलं तरी झटपट सुटणार नाही, हे सिद्ध करायचं. ही म्हणायची, “काम लवकर होणार नाही हे सांगायला तुम्हाला पगार देतात? घरी तर फुकटच सांगता.” माझ्या कपाटातले सगळे प्रिंटर ज्याचे त्याला परत करावेत.

४. आता ज्या कलमासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या नावाने एक प्रमेय ओळखलं जातं. त्यावर मला बढती, पदक आणि कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली मिळाली. ते प्रमेय माझं नाही. ते माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. सगळ्यांत धाकटी म्हणून विभागात तिला शेंडेफळ म्हणत.

दोन वर्षं ती एकटी त्या प्रश्नाला भिडली होती. मी तेव्हा विभागप्रमुखांशी त्या खोलीवरून भांडत होतो. एक दिवस तिने एकेचाळीस पानांचं हस्तलिखित माझ्या टेबलावर ठेवलं. वर आदराने माझंही नाव घातलं होतं. मी लाल पेन्सिल घेऊन बसलो, तीन स्वल्पविराम बदलले आणि शीर्षक सुचवलं. माझं नाव खोडायलाही तीच पेन्सिल पुरली असती. “हे काय, आयत्या बिळावर नागोबा?” असं घरी ही म्हणाली, ते मी हसण्यावारी नेलं.

आमच्या शास्त्रात लेखकांची नावं वर्णानुक्रमाने छापतात. कोणी किती केलं ते त्यावरून कळत नाही. माझं आडनाव आधी आलं. दोन नावं घ्यायचा लोकांना कंटाळा, ते पहिल्यावरच भागवतात. इथवर दोष रिवाजावर ढकलता आला असता.

पण पुढे तिने आमच्याच विभागात नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा निवड समितीने मला लेखी विचारलं: या कामात हिचा वाटा किती? मी दोन पानं तिची तोंडभरून स्तुती केली आणि शेवटी लिहिलं, ‘आम्हा दोघांचा समसमान वाटा.’ लिहिताना वाटलं, मी किती उदार! समितीने समजायचं ते समजून घेतलं: सर समान म्हणताहेत, म्हणजे डोकं सरांचं आणि लिहिणारे हात हिचे. जागा दुसऱ्याला गेली. ती शाळेत गणित शिकवू लागली.

सिद्धतेतली एक ओळ खोटी असली की सगळं कोसळतं, असं मी हजारभर मुलांना शिकवलं. तशी ओळ मी स्वतः लिहिली, खाली सही केली आणि अठ्ठावीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो. मला लाज वाटते. सभांमधून कोणी त्या प्रमेयाने माझी ओळख करून दिली की दर वेळी वाटायची, आणि तरी मी हसून टाळ्या घेत असे.

५. म्हणून हस्तलिखित आणि पदक शेंडेफळास द्यावं. नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं दुरुस्तीचं पत्र पाकिटात आहे, ते मुलीने माझ्या पश्चात पाठवावं.

६. कलम पाच रद्द. कारण सांगतो.

सहीआधी शेंडेफळाने हे वाचावं म्हणून आज तिला बोलावलं. शाळा सुटल्यावर ती आली. बाहीला खडू लागलेला. तिने सगळं दोनदा वाचलं.

“सर, पश्चात का?”

“हिंमत नाही गं.”

“म्हणजे कोणी उलटून विचारलं तर सांगायला तुम्ही नसणार.”

ती सहीसाठी आलेल्या वकीलबाईंकडे वळली. “मृत्युपत्रात माणूस स्वतःचंच देऊ शकतो ना?”

“हो, फक्त स्वतःचंच.”

“मग माझी पानं सर मला कशी देणार?”

वकीलबाई कलम पाच पुन्हा वाचू लागल्या. तिने विचारलं, “दुसरा साक्षीदार मिळाला?”

“अजून नाही.”

“मी करते सही.”

“अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. तुमचं कलम बाद होईल.”

“म्हणूनच तर.”

तिने हस्तलिखित उचलून पिशवीत घातलं. पदकाकडे पाहिलंही नाही. ते मी ज्यांनी दिलं त्यांना परत पाठवतो आहे. मग मी पाकीट फोडलं, पत्रावर आजची तारीख घातली आणि स्वतः जिना उतरून ते टपालपेटीत टाकून आलो. आता संपादकांचं उत्तर येईल, विभागातून फोन येतील. “बाबा, फोन मी घेत जाऊ का?” मुलीने विचारलं. मी नको म्हणालो.

स्थळ: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सायंकाळी साडेसहा

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: गणिताची शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली. यातला मजकूर सर्वस्वी सरांचा. माझी फक्त साक्ष.