गांडुळाची झोप आणि माझी विजार

तीर्थस्वरूप ताईस,

उभ्यानेच नमस्कार (साष्टांग काल चिखलात घडला आहे, तोच तुझ्या नावे धरावा). तुझा गुडघा कसा आहे? माझ्या कमरेचं विचारू नकोस. फोनवर बोललो तर सूनबाईच्या कानावर जाईल, म्हणून हे पत्र.

सूनबाईने चिमणीला ज्या शाळेत घातलं आहे, तिला भिंती नाहीत, बाक नाहीत, फळा नाही. आहे ते एक मोकळं रान, चार झाडं, मातीचा ढिगारा आणि गमबूट घातलेल्या बाई. मुलं खणतात, चढतात, पडतात आणि त्याला शिकणं म्हणतात. मी उभा जन्म लॉन्ड्री चालवली, लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले, आणि माझीच नात रोज डाग पाडून घ्यायला जाते. रडक्या मुलासोबत घरचं एक मोठं माणूस बसू देतात. चिमणी रडायची, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी कडक इस्त्रीची पांढरी विजार घालून गेलो (चुकलंच, पण रंगीत माझ्याकडे आहे कुठे?).

काल पालथ्या बादलीवर बसलो होतो. चिमणी आली आणि दटावून म्हणाली, "आबा, पाय उचला. खाली गांडूळ झोपलंय." गांडूळ झोपलंय की जागं आहे, हे मला काय कळणार? पण पाय उचलला. किती वेळ, असं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ते गांडुळालाच ठाऊक. शेवटी बादली कलंडली आणि मी चिखलात आडवा (पडताना पाय त्याच्या अंगावर पडू दिला नाही, हे नमूद करतो). पोरं धावत आली, आधी गांडूळ पाहिलं, मग मला. चिमणीने माझ्या गुडघ्यावर ओला पाला थापला, वर माती लिंपली आणि औषध वाळेपर्यंत सगळी टोळी माझ्याभोवती फतकल मारून बसली. ओला चिखल चोळू नये, वाळू द्यावा आणि मग झटकावा, हे मी त्यांना तिथेच समजावलं. दुकान बंद केल्यापासून माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं, ताई.

निघताना बाई म्हणाल्या, "आबा, चिमणी आता रडत नाही. उद्यापासून तुम्ही घरी आराम करा." सुटलो एकदाचा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझा नातू अजून रडतो ना? त्यालाही याच शाळेत घाला. तुझ्या गुडघ्याने तुला तिथे बसवणार नाही, मी जात जाईन. विजार मुद्दामच धुतलेली नाही.

पुन्हा ता. क. तोवर त्याला कुणी फार समजावत बसू नका. चांगलं रडतं पोर आहे, हातचं घालवू नका.