पायावर डोळा, ग्लव्हवर कान

प्रिय भार्गवी, माझी तापट पोरी,

नाही गं, फोन बिगडलेला नाही, आणि मी रुसलेलीही नाही. उचलला जात नाहीये, एवढंच. का ते सांगते, आधी मॅचचं ऐक.

शेजारच्या नंदाची निहारिका आता पहिल्या बेसवर खेळते. रविवारी नंदा मला बेसबॉल बघायला घेऊन गेली. तू अंपायर, म्हणजे मी अंपायरची आई, रुबाबात लाइनीजवळ खुर्ची टाकून बसले. तुझी अंपायरची परीक्षा होती तेव्हा अंगणात काय तमाशा चालायचा, आठवतं? पाट म्हणजे बेस, गल्लीतल्या सुहासच्या हातात ग्लव्ह, आणि मी पातळ खोचून धावायची. मेली, दर वेळी मूठ उगारून मलाच आऊट द्यायचीस. तेव्हाच शिकवलंस, पायावर डोळा, ग्लव्हवर कान. ग्लव्हमध्ये बॉलचा थप्प आधी आला तर आऊट, धावणाऱ्याचा पाय बेसवर आधी टेकला तर सेफ.

तर एक पोरगी जीव खाऊन धावत आली. मी बेसवरून नजर हलवली नाही. पाय टेकला, थप्प आलाच नाही. मी उठून दोन्ही हात पसरले, सेफ. सामने बघते तर अंपायरची मूठ वर, आणि बॉल ग्लव्हमध्ये कधीचा बसलेला. मी म्हटलं, भैया, चष्मा घरी राहिला का. सगळ्यांचे दात दिसले, म्हणून मीपण हसले. मग नंदाकडे वळले. तिचं तोंड हलत होतं आणि आवाज कुठल्यातरी खोल विहिरीतून येत होता. इतके दिवस मी तिलाच टोमणे मारायची, की बाई, पुटपुटू नकोस.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी देवास गेटच्या रस्त्यावर बस पाठीला घासून गेली. हॉर्न दिला असणार बिचाऱ्या ड्रायव्हरनं, मला त्याच्या शिव्या देणाऱ्या तोंडावरून कळलं. तेव्हापासून भाजीला निघाले की भिंत धरून चालते, सारखी मागे बघते. कुकर लावला की त्याच्यासमोर बसून राहते, शिट्टी डोळ्यांनी बघते. दार लावायची भीती वाटते, उघडं ठेवायचीही वाटते. मागे कोणी उभं राहिलं तर कळणार कसं?

दर दिवाळीला तू म्हणतेस, पुण्याला चल. मी म्हणते, तुझ्या त्या कबुतरखान्यात कोण राहणार. ते सगळं नाटक समज. मला ऐकू येत नाही, भार्गवी. मी फार घाबरलेय. मला घेऊन जा.

तुझीच, दर वेळी आऊट होणारी,
आई