सहीच्या पट्टीतले डोळे

२ डिसेंबर २००५
आले एकदाची नाशकात! पंचवटीत चंदरभाऊंचा फोटो स्टुडिओ, माळ्यावर माझी खोली आणि खाली मला एकटीला अख्खा कॉम्प्युटर. चांदवडला कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचे, इथे पगार देऊन बसवतात. आईला वाटतं, दिशा कामाला लागली. खरं तर दिशा सिगच्या नादी लागली आहे. फोरमवर आपण काही लिहिलं की खाली आपल्या चित्राची एक पट्टी येते, सहीसारखी, ती सिग. लोक तिच्यावरून माणूस ओळखतात. माझं तिथलं नाव कांदाकुमारी. चांदवडच्या पोरीनं दुसरं काय घ्यावं?

५ डिसेंबर
नवी सिग केली. वेबकॅमवर स्वतःचा फोटो काढला, फोटोशॉपमध्ये नुसते डोळे कापले, मागे काळा रंग, कोपऱ्यात बारीक नाव. पापणीचा केस न् केस सोडवला. डबा गार झाला. फोरमवर एकानं लिहिलं, ही बाई माझ्याकडेच बघते आहे. मी दिवसभर हवेत.

भाऊंनी इथलं खरं काम समजावलं. गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीच्या घाटावर, दहाव्याला येणाऱ्यांना फ्रेम लागते, आणि पुष्कळ म्हाताऱ्यांचा जन्मात एक फोटो निघालेला नसतो. मग गेल्यावर काढलेलाच आणतात. आपण डोळे उघडून द्यायचे, म्हणजे लेकाचे किंवा लेकीचे कापून बसवायचे. भाऊंनी बजावलं की डोळे रक्ताच्या माणसाचेच, बाहेरचे लावायचे नाहीत. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पिक्सेलला कुठलं आलंय रक्त.

९ डिसेंबर
मखमलाबादचे धोंडीराम आले, झेंडूच्या मळ्याचे. आई पुतळाबाई काल गेली. फोटो एकच, मिटल्या डोळ्यांचा. भाऊ लग्नाच्या ऑर्डरला गेलेले, लोडशेडिंगची वेळ डोक्यावर. धोंडीरामांचे डोळे रडून इतके सुजलेले की कापण्यात अर्थ नव्हता. समोर माझी सिग उघडीच होती. त्यातले डोळे ओढून घेतले, भोवती सुरकुत्या घातल्या. झकास बसले. धोंडीराम फ्रेमकडे बघत राहिले. "आजारपणात वळखतच नव्हती. आज बघती आई माझ्याकडं," म्हणाले. मलाही भरून आलं.

१२ डिसेंबर
नजरेच्या वरच्या कडेला काहीतरी केशरी दिसतंय. डोळे धुतले, गेलं नाही.
फोरमवर कौतुक चाललंय. पापण्या किती सावकाश मिटतात, हलती सिग कशी केलीस, म्हणून विचारतात. मी हलती केलेलीच नाही. उघडून पाहिली तर पापण्या खरंच खाली आल्या आहेत. मूळ फाइल पुन्हा चढवली.

१४ डिसेंबर
ते केशरी म्हणजे झेंडू. हार आहे. लग्नाचा अल्बम लावता लावता मध्येच समईची ज्योत दिसते. एक बाई मान वर करून, हात जोडून माझ्याकडे बघते. डोळे मिटले तरी दिसते. मूळ फाइलमधले डोळेही मिटत चाललेत. मला भीती वाटते. आईला फोन करावासा वाटतो, पण काय सांगू?

१७ डिसेंबर
पुतळाबाईचा दहावा. कावळा शिवला नाही. नातीचं लग्न, मळ्याची वाटणी, सगळं कबूल करून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. भाऊंनी मला विचारलं, डोळे कुणाचे लावले? सांगितलं. ते रागावले नाहीत, खुर्चीत बसले. "जाईल कशी ती? तिला अजून दिसतंय ना," म्हणाले.
मग मला काय दिसणार?

१८ डिसेंबर
भाऊंच्या स्कूटरवर मखमलाबादला. अर्धा वेळ रस्ता दिसला, अर्धा वेळ फ्रेमच्या भिंतीवरून त्यांचं घर. दारात पोचलो आणि मी मलाच पाहिलं. वरून. हात जोडून उभी, डोळे अर्धे मिटलेले.
खरं सांगून टाकलं, फ्रेम परत मागितली. धोंडीराम चिडले नाहीत. पूजलेला फोटो दुकानात परत देत नाय, म्हणाले. "पर तुमचे डोळे हायेत ताई. त्यांची हेळसांड नाय व्हायची. बघतो मी."

१९ डिसेंबर
सिग पुरती मिटली, भाऊंनी बघून सांगितलं. खोली दिसत नाही. बोटानं ओळ चाचपत लिहितेय. समोर फक्त धोंडीरामांचं घर. समई. कुणी भाकरी थापतंय. माझा हात मला दिसत नाही —

२० डिसेंबर
धोंडीरामांनी हार काढला. फ्रेम उतरवली. वाटलं, आणून देताहेत —

भाऊ धापा टाकत वर आले. धोंडीरामांचा निरोप आलाय. पूजलेलं गंगेतच सोडायचं, मानानं. घरून निघालेसुद्धा. भाऊ तसेच घाटाकडे पळाले —

आभाळ. विजेच्या तारा. पुलाचा कठडा —

पायऱ्या. धोंडीराम रडताहेत. झेंडू वाहिले, कपाळाला लावलं मला. भाऊ कुठे दिसत नाहीत —

अहो, माझे आहेत ते —

हात खाली चाललेत. हिरवं पाणी. काचेवर आलं. झेंडू वर राहिले, मी खा —