हॉक्स हरत असताना केलेली वाटणी

मी, कू बुन-रे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पोहांग, कै. चा मान-सू यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझा मुलगा गी-चोल "आईचं डोकं फिरलं" म्हणेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. तशी करणारा अजून जन्माला यायचा आहे.

कलम १. माझं घर आणि मुल्होचं, म्हणजे थंड, तिखट रश्शातल्या कच्च्या माशांचं, दुकान गी-चोलला देण्याचं ठरलं होतं. ते मी रद्द करते. दोन्ही माझी मुलगी मि-रान आणि जावई ग्वोन जोंग-हान यांना समसमान मिळावं.

कारण असं. आम्ही जन्माचे पोहांग अँकर्सवाले. जावई आन्दोंगचा, म्हणजे हॉक्सचा. यंदा बेसबॉलचा हंगाम सुरू झाला आणि हॉक्स एकही सामना जिंकेनात. चेंडू टाकणारा मुख्य पिचर खांदा धरून बसला, बाकीच्यांच्या बॅटला चेंडू लागेना. सगळं पोहांग खूश होतं. मीही होते, खोटं का बोलू? पण यजमानांच्या श्राद्धाच्या पंगतीत गी-चोलने जावयापुढे रिकामा वाडगा ठेवला.

"हरणाऱ्यांना भात नसतो, दाजी!"

पाहुणे हसले. जोंग-हान हळूच म्हणाला, "आज बाबांचं श्राद्ध आहे. आज तरी नको."

"मग म्हणा, अँकर्स झिंदाबाद! लगेच वाढतो."

जोंग-हान उठला, यजमानांच्या फोटोपुढे वाकला आणि चालता झाला. मि-रान त्याच्यामागे गेली. जाताना म्हणाली, "आई, या घरात आता आमचं पाऊल पडणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी अँकर्सचं निळं जाकीट चढवलं आणि आन्दोंग गाठलं. जावयाला म्हटलं, "चला, मॅचला."

"आई, या जाकिटात? आमचे लोक फाडून खातील!"

"खाऊ देत."

त्यांचं स्टेडियम अर्धं रिकामं होतं. एक ढोलवाला ओरडला, "ओ आजी, बाजू चुकलात!"

"मी बरोबर बसलेय. तुमचीच माणसं कुठं गेली?"

तो पुन्हा ढोल बडवू लागला. हॉक्स त्या दिवशीही हरले, आणि वाईट हरले. जोंग-हान मात्र घसा बसेपर्यंत त्यांचं गाणं म्हणत राहिला. असा माणूस माझं दुकान वाऱ्यावर सोडणार नाही.

कलम २. मासे कापायच्या सुऱ्या मि-रानला. धार तिनेच लावावी, दुसऱ्या कुणाला देऊ नये.

कलम ३. गी-चोलला वडिलांचं घड्याळ आणि अँकर्सच्या स्टेडियममधली माझी वर्षाची जागा. अट एकच: जोंग-हानच्या दारात जाऊन माफी मागायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

कलम ४. हॉक्सविषयी माझं मन पालटलेलं नाही. त्यांनी शेवटून पहिलं यावं, ही इच्छा कायम आहे.

हे सगळं मी काल गी-चोलला वाचून दाखवलं. तो कडाडला, "हॉक्सवाल्याला घर देतेस? परक्याला?"

म्हटलं, "बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या परक्याने दर रविवारी येऊन त्यांना आंघोळ घातली. तू नाकाला रुमाल लावून दारात उभा असायचास."

तो उठून गेला. आज सकाळी आन्दोंगच्या बसमध्ये चढताना दिसला, असं शेजारीण सांगते. माफी मागून आला तर जेवायला वाढीन. कलम १ बदलणार नाही.

सही व शिक्का: कू बुन-रे

साक्षीदार: शीम ओक-जा, शेजारीण; पांग इन-ग्यू, समोरचा न्हावी

पोहांग, २० एप्रिल २०१९