आत्याने कुणालाच सांगितलं नाही

१ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (दंडवत मनातल्या मनात घालते आहे. शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठ आता नमस्कारापुरतीही वाकत नाही.)

सुटी जवळ आली. दर वर्षीप्रमाणे चिमण बायकापोरांसह माझ्याकडे येणार. म्हणजे पुढच्या खोलीतलं मशीन हलवा, कापड बेतायच्या टेबलावर गादी घालून त्याचा पलंग करा, गिऱ्हाइकांपुढे हात जोडा. त्याची पोरं गोड आहेत, पण मागच्या वर्षी त्यांनी दोऱ्याची रिळं घरभर उलगडली. मी दाराच्या कडीत अडकलेला दोरा सोडवत होते आणि बाथरूमपुढच्या रांगेतला प्रत्येक जण मलाच विचारत होता, की टॉवेल कुठे आहे.

आई होती तेव्हा तिच्यासाठी जमायचो. आता ती नाही, आणि मला भीती वाटते, की एक वर्ष मी नाही म्हटलं तर चिमण पुन्हा यायचाच नाही. मला भाऊ तो एकच. इतक्या हौसेने येतो, त्याला नको म्हणायला जीभ रेटत नाही. पण या वर्षी खरंच अंगात त्राण नाही. आम्हा दोघा नवराबायकोला तुझ्याकडे लपायला येऊ देशील? तुला गर्दी आवडत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर आजवर तुला आमच्या गोंधळात ओढलं नाही. आम्हाला पाहुणे समजू नकोस, फरारी समज. चिमणला मात्र यातलं अक्षरही कळता कामा नये.

माया आहेच, या खेपेला जागाही असावी.
तुझी भाची,
ताई


२ डिसेंबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

वर्षभर न फिरकणाऱ्या या ड्रायव्हरला आज आत्या कशी आठवली, असं म्हणशील. अडलंय म्हणून आठवली. वर्षभर मी लांब पल्ल्याची बस चालवतो आणि सुटीत ताईकडे जायला दुसऱ्याच्या बसमध्ये बसतो. चाक त्याच्या हातात, आणि प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो. मागच्या खेपेला तिथे पुढच्या बाईंची पिशवी होती आणि पिशवीत त्यांचा चष्मा होता. धाकट्याला गाडी लागते, थोरल्याला भूक लागते आणि बायको माझ्याशी बोलणं टाकते. कसंबसं पोचावं, तर गाडी कशी चालवावी हे दाजी मला जेवणभर समजावतात. दाजींना सायकलही येत नाही. आणि ताईच्या टेबलावर कूस बदलली की गादीखालून कात्री टोचते.

पण ताईला सांगू कसं? ती महिनाभर आधीपासून वाट बघते. आई गेल्यावर तिने हे सगळं माझ्यासाठी धरून ठेवलंय. मी नाही गेलो तर तिला वाटेल, आईबरोबर मला बहीणही संपली. तेव्हा या एका वर्षी आम्हाला तुझ्याकडे पडून राहू दे. तुला शांतता हवी असते, पोरांना गप्प ठेवायचं जमेल तसं बघतो. ताईच्या कानावर घालू नकोस, तुला माझी शपथ.

एरवी लोभ कमीजास्त चालेल, या महिन्यात भरपूर असावा.
चिमण


८ डिसेंबर

चि. चिमण यास,
अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. आमच्या बाथरूमचा पाइप फुटला. प्लंबरने सगळी फरशी उकरून ठेवली आहे, आणि सामान आणायला म्हणून जो गेला तो अजून परतलेला नाही. अशात तुम्हाला बोलावून हाल कसे करू? माझा जीव नुसता तुटतो आहे. रिळं पोरांची वाट बघताहेत म्हणून सांग.

दूर असलास तरी लोभ जवळ असू दे.
ताई


८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही, पण या वर्षी आम्हाला येता येणार नाही. हिची कंबर धरली आहे. डॉक्टरांनी साधी पिशवीसुद्धा उचलायची नाही असं बजावलंय. पोरं रडून रडून झोपली. दाजींना सांग, त्यांनी शिकवलेला क्लच मी विसरलेलो नाही.

राग नसावा, लोभ असावा, टेबल तसंच ठेवावं.
चिमण


१२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत कार्ड टाकते आहे. चिमणचं पत्र आलं. सुटले म्हणून हसायला हवं होतं, तर डोळ्यांत पाणीच आलं. माझं पत्र पोचायच्या आधीच त्याने येणं रद्द केलं! म्हणजे त्याला यायचंच नव्हतं. मी खोटं लिहिलं ती गोष्ट वेगळी, मी थकले होते. त्याला काय झालं होतं?

तुझीच,
ताई


१५ डिसेंबर

चिरंजीवास,
अ. उ. आ.

ये. चोवीस तारखेला दुपारच्या गाडीनेच ये, आधी नको, नंतर नको. माझ्या घरात जेवणानंतर घंटा वाजते. घंटेनंतर कुणी बोलत नाही, जावई असला तरी. गुपिताची काळजी नको. जन्मभर वॉर्डात नर्स होते, एका खाटेवरची गोष्ट दुसऱ्या खाटेवर कधी जाऊ दिली नाही.

येताना लोभ आणि स्वतःचा टॉवेल आणावा.
आत्या


४ जानेवारी

चि. ताई आणि चि. चिमण,
दोघांना मिळून अ. उ. आ.

पत्र एकच आहे. ताईने वाचून चिमणला पाठवावं.

तुम्ही मला लबाड म्हणालात. मी काय लबाडी केली? ताई म्हणाली चिमणला कळता कामा नये, नाही कळू दिलं. चिमणने शपथ घातली, ती पाळली. दोघांना एकच मजकूर पाठवला, नावही घातलं नाही. तुमची रुसव्याची कार्डंसुद्धा अगदी सारखी होती.

फाटकाशी तुमची गाठ पडली तेव्हा मी पडद्याआड उभी होते. दार मुद्दामच उघडलं नाही. कंबर धरलेली सूनबाई एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातावर पेंगुळलेलं पोर घेऊन उभी. ताई तिला विचारते आहे की डॉक्टर बदलला का, आणि चिमण विचारतो आहे की प्लंबर परतला का. मग जी जुंपली! आधी कोणी कोणाला टाळलं यावर शेजारची खिडकी उघडेपर्यंत भांडलात. ताईने बॅग उचलून पाठ फिरवली. माझा हात कडीवर गेला. पण तेवढ्यात चिमण रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, म्हणाला की तुला त्रास होतो हे एकदा तरी सांगायचं होतंस. तूही सांगायचं होतंस, म्हणाली ताई, आणि लहानपणी पुसायची तसं रुमालाने त्याचं नाक पुसलं. मग दोघं हसत सुटलात. हसणं थांबेना तेव्हा मी दार उघडलं.

सुटी बरी गेली. जावईबापू पहिल्या घंटेला क्लच अर्ध्यावर टाकून झोपले. ताई तर अशी झोपली की मला दोनदा नाडी बघावी लागली. काल कपाटामागे पोरांनी ताईच्या बॅगेतून पळवलेलं दोऱ्याचं रीळ सापडलं. ते मी ठेवून घेते आहे.

आता माझं. दोघांनीही लिहिलंत की मला गर्दी आवडत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं? वहिनी होती तेव्हा सुटीत माझी ड्यूटी असायची म्हणून येत नव्हते. निवृत्त झाल्यापासून दर डिसेंबरात मी पिशवी भरते आणि पोस्टमनची वाट बघते. पिशवीत कानात घालायला कापूसही असतो, कारण मी तुम्हाला ओळखते.

पुढच्या सुटीत ताईकडे जमा, चिमणकडे जमा, नाहीतर इथेच या. जो थकला असेल त्याने सरळ तसं लिहावं, पाइप फोडू नयेत. पिशवी मी या वर्षी रिकामी केलेली नाही.

लोभ लिहून पुरे झाला, आता बोलावून दाखवावा.
आत्या